अनुभव धागा: युनियन, संप आणि सरकार. तुमच्या वाट्याला काय आलं?

नमस्कार मंडळी. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झाल्यात आणि तेव्हापासून जिथं तिथं एकच वाद चाललाय, युनियन टिकणार की संपणार. मला त्या वादापेक्षा तुमचे अनुभव हवेत. आपल्याकडे सरकार कधी पंच असतं, कधी स्वतःच मालक असतं आणि नियम तर कायम तेच लिहितं, मग अशा सरकारशी गाठ पडल्यावर युनियनला नेमकं काय करता आलं, कुठं अडलं, ते लिहा. कंपनीचं किंवा साहेबांचं नाव नको. लांबलं तरी चालेल.

बी शिफ्ट
मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे, युनियनचा खजिनदार होतो. आम्ही मागणीपत्र दिलं तर मॅनेजमेंटने आमच्याशी बोलायचं सोडून एकेकाला केबिनमध्ये बोलावून कागदावर सह्या घ्यायला सुरुवात केली, सही केली की पगारवाढ, नाही केली की जुन्याच पगारावर राहा. निम्मं डिपार्टमेंट फुटलं, आणि मी त्यांना दोष देत नाही, घरी हप्ते असतात. मग लेबर ऑफिसला गेलो तेव्हा कळलं की मालक आणि कामगारांनी आपापसात केलेला करार, ज्याला 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 2(पी) म्हणायचे, तो फक्त त्यात असणाऱ्यांनाच लागू असायचा. पण सरकारच्या तडजोड अधिकाऱ्यासमोर त्याच कायद्याच्या कलम 12(3) खाली करार झाला की तो सगळ्यांना लागू, मेंबर असो नसो, उद्या भरती होणाऱ्यालासुद्धा. हा फरक आम्हाला आधी कोणी सांगितलाच नव्हता!! तिथून पुढं आम्ही एकच हट्ट धरला, काय व्हायचं ते 12(3) मध्येच. वेळ खूप गेला, तारखा पडत राहिल्या, पण शेवटी तसाच करार झाला आणि आधी सह्या करून बसलेल्यांनाही त्यातली वाढ मिळाली. मान्यतेची, म्हणजे बोलणी करायच्या अधिकृत हक्काची, केस वेगळी, ती औद्योगिक न्यायालयात, महाराष्ट्रात 1971 च्या कायद्याने मान्यतेला सलग सहा महिने किमान 30 टक्के मेंबर दाखवावे लागायचे. तिथं भाषणं उपयोगाची नाहीत, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि मेंबर रजिस्टर लागतं. आमचं टिकलं ते त्या पावत्यांवर.

गिरणगावचा
माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. लोक फक्त संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांबद्दल बोलतात, चांगलं किंवा वाईट, पण खरी गाठ कायद्यात होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरण्यांमध्ये बोलणी करायचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सगळे एकीकडे, मान्यता दुसरीकडे. म्हणून तर तो कायदा रद्द करा ही संपातली मोठी मागणी होती, नुसती पगाराची नाही. सरकारने ती मान्य केली नाही, सामंतांशी बोललं तर मान्यतेची सगळी चौकटच मोडली असती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील गावी जाऊन शेती बघायला लागले, आई खानावळ चालवायची, मी दहावीनंतर शिक्षण सोडलं. मला आजही वाटतं की गिरण्यांत कुठली युनियन हवी यावर गुप्त मतदान घेतलं असतं तर एवढी घरं उद्ध्वस्त झाली नसती.

सेविका ताई
मी अंगणवाडी सेविका. आमचं दुखणं वेगळं, आमच्यासमोर मालक नाहीच, सरकारच आहे, आणि सरकार म्हणतं तुम्ही कर्मचारी नाही, मानधनावर आहात. पण मार्च 2018 मध्ये आम्हालाच मेस्मा (अत्यावश्यक सेवांतल्या संपाला बंदी घालणारा कायदा) लावला! म्हणजे संप करायची वेळ आली की आम्ही अत्यावश्यक सेवा. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. एप्रिल 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, त्या दिवशी आमच्या बीटमधल्या बायका अक्षरशः रडल्या. डिसेंबर 2023 पासूनच्या संपात आम्ही थंडीत बसलो, ५० दिवसांच्या वर गेला तो. नवरा म्हणायचा पुरे कर, पण सासूबाई डबा घेऊन मंडपात यायच्या. काही मिळालं, बरंच लेखी आश्वासनात राहिलं. आता दर महिन्याला आमची एकजण प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारते, अमुक आदेश निघाला का. कंटाळवाणं काम आहे पण न विचारता काही निघत नाही हो.

निवृत्त तडजोडवाला
मी पलीकडच्या टेबलावर होतो म्हणून लिहितो. तडजोड अधिकारी हुकूम देऊ शकत नाही, दोघांना समोरासमोर बसवतो आणि नाही जमलं तर अपयशाचा अहवाल पाठवतो, पुढे सरकार ठरवायचं वाद कोर्टाकडे पाठवायचा की नाही. आणि तिथं फायली पडून राहायच्या हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण 1947 च्या कायद्यातलं कलम 33 फार मोलाचं होतं, तडजोड चालू असताना वादातल्या सेवाशर्ती मालकाला कामगारांच्या तोट्यात बदलता येत नसत. बऱ्याच युनियन ते वापरायच्याच नाहीत, थेट गेटवर जायच्या. @बी शिफ्ट, तुम्ही 12(3) चा हट्ट धरलात ते फार बरं केलंत.

टोळीतला
बाजार समितीत माथाडी आहे, वडीलपण माथाडीच. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा कायदा आला आणि मंडळं झाली, त्यात मालक, कामगार आणि सरकार तिघांचे लोक. मालकाने मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळ आम्हाला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे देणार. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला पीएफ असतो हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझ्या बहिणीचं लग्न वडिलांच्या त्या पैशातून झालं. तक्रार एकच, बिननोंदणीची माणसं लावून काम करून घेणारे वाढलेत आणि तपासणी कमी पडते.

बी शिफ्ट
@निवृत्त तडजोडवाला, आभार साहेब. नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असल्या तर बोलणी करायला 51 टक्के कामगार मेंबर लागतात, आणि कोणाकडेच नसले तर किमान 20 टक्के असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद. आमच्याकडे आता दोन युनियन आहेत, दोघांकडेही 51 नाहीत. काल त्यांच्या सेक्रेटरीला फोन केला, रविवारी दोन्ही कमिट्या मेंबर रजिस्टर घेऊन एकत्र बसतोय.