ऑक्टेव्ह: फाइल तीच, स्क्रिप्ट तीच, दोन कॉम्प्युटरवर दोन उत्तरं

पाणीमोजणी

नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच जागी अडकलोय.

माझ्याकडे एका नदीच्या पाणीपातळीची वार्षिक सरासरी आहे, १९५१ ते २०२०, म्हणजे ७० आकडे, मीटरमध्ये. त्यांवर पाचव्या घाताची बहुपदी बसवून २०३५ ची पातळी काढायची आहे. ऑक्टेव्हमध्ये (आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर) सूत्र पुस्तकातलंच वापरलं: वर्षांच्या घातांचा मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) केला, त्याच्या ट्रान्स्पोजने (ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या तक्त्याने) त्याला गुणलं, इन्व्हर्स काढला, पुढचे गुणाकार केले.

चालवलं की इशारा येतो, 'मॅट्रिक्स सिंग्युलर टू मशीन प्रिसिजन', म्हणजे संगणकाच्या अचूकतेत याचा इन्व्हर्स धड निघत नाही. उत्तर तरीही येतं. पण लॅपटॉपवर तिसऱ्या घाताचा सहगुणक (त्या घातासमोरचा गुणक) धन येतो आणि ऑफिसच्या मशीनवर ऋण. ऑक्टेव्हची आवृत्ती दोन्हीकडे तीच आहे. आलेख काढला तर रेषा मोजलेल्या बिंदूंच्या जवळपासही फिरकत नाही. दोनदा काढून पुन्हा इन्स्टॉल केलं, फरक नाही. हा बग आहे का? असेल तर कुठे कळवायचा?

उभीआडवी

बग नाही. इन्व्हर्स काढू नका, ट्रान्स्पोजचा गुणाकारही नको. मूळ मॅट्रिक्स, मग बॅकस्लॅश (समीकरणं थेट सोडवणारं चिन्ह), मग पातळ्यांचा स्तंभ. एका ओळीत काम होतं.

पाणीमोजणी

केलं. इशारा गेला आणि रेषाही आता बिंदूंमधून जाते. मनापासून आभार! फक्त सहगुणक विचित्र दिसतात, स्थिरांक तर जवळजवळ शून्यच आहे. चालेल ना?

जुनाफोरट्रान

थांबा, हे चालणार नाही. इशारा दिसेनासा झाला, दुखणं आहे तिथेच आहे. त्याच मॅट्रिक्सवर रँक (एकमेकांपासून स्वतंत्र स्तंभ किती ते मोजणारी) ही आज्ञा चालवा आणि काय येतं ते इथे लिहा. सहा सहगुणक मागितलेत, म्हणजे ६ यायला हवेत.

पाणीमोजणी

३ आला. म्हणजे काय झालं?

जुनाफोरट्रान

तीनच येणार असं वाटलंच होतं. जरा लांबण लावतो, कारण याच ठिकाणी मी स्वतः एकदा सपशेल चुकलो आहे.

डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ऑक्टेव्ह एरवी ज्या प्रकारे संख्या साठवतं त्यात, संख्येच्या सार्थ अंकांसाठी ५३ बिट असतात, दशमान पद्धतीत साधारण १६ अंक. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतचे सगळे पूर्णांक तंतोतंत साठवता येतात, त्यापुढे फटी पडू लागतात. आता तुमच्या पहिल्याच वर्षाचा, १९५१ चा, पाचवा घात करा. तो २८ वर १५ शून्यं एवढ्या आकाराचा आहे. त्या पट्ट्यात शेजारच्या दोन साठवता येणाऱ्या संख्यांमध्ये ४ चं अंतर असतं. १९५१ विषम, त्याचा पाचवा घातही विषम, म्हणजे तो तिथे नेमका बसूच शकत नाही. गणित सुरू होण्याआधीच तुमचा मॅट्रिक्स चुकीचा भरला गेला आहे.

पण खरी अडचण याहून मोठी आहे. १९५१ आणि २०२० यांच्यात सापेक्ष फरक जेमतेम साडेतीन टक्के. एवढ्या अरुंद पट्टीत वर्षाचा चौथा घात आणि पाचवा घात हे स्तंभ जवळजवळ समांतर दिसतात, एक दुसऱ्याची मोठी केलेली प्रतच जणू. मग पातळीतला कोणता चढउतार कोणत्या स्तंभाच्या खात्यात टाकायचा हे ठरवायला १६ अंक पुरत नाहीत. ही समांतरता कंडिशन नंबरमध्ये मोजली जाते; तो जितका मोठा तितकी छोटी चूक जास्त फुगते. तुमच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर १० च्या १६ व्या घाताच्या कितीतरी पुढे आहे आणि ट्रान्स्पोजने गुणलं की त्याचा वर्ग होतो. म्हणून पहिली रेषा इतकी भरकटली.

बॅकस्लॅशने काय केलं? चौरस नसलेल्या मॅट्रिक्ससाठी ऑक्टेव्ह लीस्ट स्क्वेअर्सचं (बिंदूंपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं) उत्तर देतं, आणि अशी अनेक असली तर सर्वांत लहान नॉर्मचं, म्हणजे ज्याचे सहगुणक एकंदरीत सर्वांत लहान ते. स्तंभांच्या ज्या दिशा अंक तोडण्यातल्या (राउंडिंगच्या) चुकीत बुडाल्या आहेत त्या सोडून देतं आणि त्याबद्दल इथे काही बोललेलं नाही. सहापैकी तीन दिशा उरल्या. म्हणजे पाचवा घात म्हणून तुम्ही जी रेषा पाहताय तिला स्वातंत्र्य द्विघातीइतकंच आहे. बिंदूंमधून जाते म्हणून ती बरोबर वाटते, पण तुम्ही मागितलेली ती नव्हे. ऑक्टेव्हसारखंच असलेलं मॅटलॅब अशा वेळी 'रँक डेफिशियंट' (रँक कमी पडते) असा इशारा देतं.

दोन मशीनचं कोडंही यातच आहे. संगणकावर बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो. (०.१ + ०.२) + ०.३ करून ०.६ शी तुलना करा, मग ०.१ + (०.२ + ०.३) करून बघा. पहिली तुलना खोटी ठरते, दुसरी खरी. मॅट्रिक्सचा गुणाकार करणारी खालची लायब्ररी प्रोसेसर बघून वेगळी वाट घेते, थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या वेगळी असली तर बेरजा वेगळ्या तुकड्यांत पडतात. एरवी हा फरक सोळाव्या अंकात राहतो आणि कोणाला दिसत नाही. कंडिशन नंबर एवढा प्रचंड असला की तोच फरक फुगून सहगुणकाचं चिन्ह उलटवतो. दोन्ही मशीन प्रामाणिक आहेत, प्रश्नच त्यांना झेपणारा नाही.

माझी चूक अशी: मी असाच एक सहगुणक अहवालात लिहिला आणि त्याच्या ऋण चिन्हाचा भौतिक अर्थही समजावून सांगितला. सहकाऱ्याने तोच डेटा त्याच्या मशीनवर चालवला, चिन्ह धन आलं. अहवाल परत मागवावा लागला. माझ्या दोन परिच्छेदांच्या स्पष्टीकरणाला कसलाच आधार नव्हता, ही बोच अजून आहे. तेव्हापासून कंडिशन नंबर पाहिल्याशिवाय मी सहगुणकाकडे बघतसुद्धा नाही.

उपाय सोपा आहे. वर्षांतून सरासरी १९८५.५ वजा करा आणि प्रमाण विचलनाने, सुमारे २०.३५ ने, भागा. वर्षं -१.७ ते १.७ मध्ये येतात, पाचवा घात १४ च्या आसपास थांबतो आणि कंडिशन नंबर शंभराच्या आत येतो. पॉलीफिटकडून (बहुपदी बसवणारी तयार आज्ञा) तीन आउटपुट मागितले तर हे ते स्वतःच करतं. तिसरा आउटपुट, म्यू, म्हणजे हीच सरासरी आणि विचलन.

उभीआडवी

माझं उत्तर अर्धवट होतं, मान्य. रँक तपासा हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणखी एक बघा. वर्षं फाइलीतून ३२ बिटी पूर्णांक म्हणून तर आली नाहीत ना? ऑक्टेव्हमध्ये तसा पूर्णांक २१४७४८३६४७ वर अडकतो, वर्षाचा घन तर ८०० कोटींच्या घरात जातो. मग वरचे सगळे स्तंभ एकाच आकड्याने भरतात. पायथनमध्ये नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे जास्त महागात पडतं, कारण तिथे पूर्णांकांचा ॲरे अडकत नाही, मर्यादा ओलांडली की निमूटपणे उलटा फिरून ऋण टोकापासून सुरू होतो.

पाणीमोजणी

वर्षं डबलच आहेत, तपासलं. तीन आउटपुट घेऊन पॉलीफिट चालवलं. दोन्ही मशीनवर सहगुणक बाराव्या अंकापर्यंत जुळले! चार दिवसांनी पहिल्यांदा जिवात जीव आला.

पण २०३५ ची पातळी अब्जावधी मीटर येतेय.

जुनाफोरट्रान

पॉलीव्हॅलला (बसवलेल्या बहुपदीचं मूल्य काढणाऱ्या आज्ञेला) म्यू दिला नाहीत. चौथ्या जागी द्यायचा, तिसऱ्या जागी रिकामा कंस. नाही दिला तर ते २०३५ हाच आकडा पाचव्या घातात घालतं.

पाणीमोजणी

बरोबर, तेच होतं. आता १९५१ ते २०२० ची रेषा सुंदर बसते. २०३५ ला मात्र पातळी नदीच्या तळाच्याही खाली जाते.

त्रिज्या

हे मात्र आता संगणकाच्या अचूकतेचं दुखणं नाही. नव्या मापात २०२० म्हणजे १.७ आणि २०३५ म्हणजे २.४३. पाचवा घात १४ वरून ८५ वर गेला, सहापट. डेटाच्या आत पाचव्या घाताचं पद दुसऱ्या पदांनी तोलून धरलेलं असतं, बाहेर गेलं की तो तोल सुटतो. शेवटची १५ वर्षं बाजूला ठेवा, उरलेल्या ५५ वर पहिला, दुसरा आणि पाचवा घात बसवा आणि कोणता त्या १५ वर्षांच्या जवळ जातो ते बघा. नदीने पाचव्या घाताने वागावं असं कोणतं कारण तुमच्याकडे आहे का?

पाणीमोजणी

कारण नाही. आधीच्या अहवालात पाचवा होता म्हणून घेतला होता. ५५ वर्षांचं करून बघितलं: पाचवा घात चौथ्या-पाचव्या वर्षीच सुटतो, सरळ रेषा शेवटपर्यंत अर्ध्या मीटरच्या आत राहते. सरळ रेषाच देतोय, सोबत अंदाज किती चुकू शकतो त्याचा पट्टाही. आधीच्या अहवालातले सहगुणक कसे काढले होते ते उद्या विचारतो.