मदत हवी आहे: इंजिन तापल्यावर टर्बो डिझेल गाडीचा पिकअप कमी होतो

नमस्कार.

आठ महिन्यांपूर्वी मी २०१४ सालची, १.३ लिटर टर्बो डिझेल इंजिनाची एक वापरलेली हॅचबॅक घेतली. तेव्हा ती १,१२,००० किलोमीटर चालली होती. गेल्या दोन महिन्यांपासून ती उचलत नाही. २,००० आरपीएमच्या खाली हे इंजिन मुळातच मंद असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या टप्प्यानंतर पाठीला जो रेटा जाणवायचा, तो आता येतच नाही. आईवडील वाईला असल्यामुळे दर पंधरवड्याला पुण्याहून तिकडे जावे लागते. खंबाटकी घाटात चौघे बसलेले असताना तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी आता दुसऱ्यात घालावी लागते, मागे काळा धूर दिसतो, आणि ओव्हरटेक करणे तर मी भीतीपोटी पूर्णपणे सोडले आहे.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे घातले. क्लच घसरत नाही, कारण आरपीएम आणि वेग बरोबरीनेच वाढतात. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीचा जाड थर होता. तो साफ केल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो याची खात्री केली, तरी फरक पडला नाही. स्कॅनरवर पी०२९९ हा एकच कोड मिळाला, म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) देत असलेला हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवल्यावर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९५ किलोपास्कल दाखवतो. पुण्याच्या उंचीला वातावरणाचा दाब साधारण तेवढाच असतो, म्हणून सेन्सर ठीक आहे असे मी धरले आहे. तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून २,५०० आरपीएमला इसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) २०० किलोपास्कलच्या आसपास दाब मागतो, पण प्रत्यक्षात १२५च्या पुढे आकडा जात नाही. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, मात्र मागितल्याप्रमाणे मिळते.

मेकॅनिकच्या मते टर्बो गेला आहे आणि तो बदलण्यावाचून इलाज नाही. मला हे पटत नाही. टर्बोत हवा आणणारा पाइप काढून त्याचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, तेव्हा तो मोकळा फिरला. आडवा किंचित हलतो, पण तेलाच्या थरावर चालणाऱ्या बेअरिंगमध्ये तेवढी ढिलाई असतेच. आत-बाहेर तो हलत नाही आणि पाती कुठेही घासलेली नाहीत. वेस्टगेटच्या (टर्बोला वळसा देऊन जादा धूर बाहेर सोडणारी झडप) ॲक्च्युएटरची, म्हणजे ती झडप हलवणाऱ्या भागाची, नळी फाटली असावी असेही एकाने सुचवले, परंतु या टर्बोचा ॲक्च्युएटर हवेच्या दाबाने झडप उघडणारा असल्यामुळे नळी फाटली असती तर दाब कमी होण्याऐवजी वाढला असता.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी खूण वेगळीच आहे. सकाळी गाडी थंड असताना पहिली दहा-बारा मिनिटे पिकअप जवळजवळ पूर्वीसारखा मिळतो. इंजिन तापले की तो जातो, आणि जोर दिल्यावर बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा आवाज येतो. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होज पाइप साबणाचे पाणी लावून हवेच्या दाबाखाली तपासले तेव्हा गळती दिसली नाही, मात्र ती तपासणी थंड इंजिनावर केली होती. रबर गरम होऊन नरम पडल्यावरच चीर उघडत असेल काय, की वेस्टगेटची झडप उष्णतेने प्रसरण पावून अर्धवट उघडी अडकत असेल? गरम इंजिनावर या दोहोंतला फरक ओळखण्याची सुरक्षित पद्धत कोणती? धूर शुद्ध करणारा सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असता तर थंड असताना पिकअप मिळालाच नसता, असे मानून मी तो बाजूला ठेवला आहे. यात काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

जाणकारांना आणखी एखादे रीडिंग आवश्यक वाटत असेल, तर ते कोणत्या गिअरमध्ये आणि किती आरपीएमला घ्यावे ते कळवावे. येत्या रविवारी वाईला जाताना घाटाच्या चढावर ते नोंदवून इथे देईन, आणि तोवर टर्बो बदलण्याचे काम थांबवून ठेवले आहे.