तेजीनंतर शेअर ठेवावेत की विकावेत?

प्रश्न (राजारामपुरी):
नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) नोकरी करतो. २०२० साली बाजार कोसळला, तेव्हा थोडे थोडे करून ३ लाखांचे शेअर घेतले. आज त्यांचे ११ लाख झाले आहेत. त्यांपैकी ६ लाख वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एकाच कंपनीत आहेत आणि ते शेअर मला १ लाखाला पडले होते. येत्या जूनमध्ये मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश आहे. मित्र म्हणतात, तेजी अजून संपलेली नाही, सौ. म्हणते, पैसे काढून घ्या. काय करावे?

उत्तर (शाहूपुरी):
साहेब, तेजी किती दिवस टिकेल हे कुणालाच सांगता येणार नाही; मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वाहन उद्योगाची मागणी घटली की शिरोलीतल्या फाउंड्र्यांच्या पाळ्या कमी होतात, म्हणजे आपला पगार आणि आपला सर्वांत मोठा शेअर एकाच वेळी अडचणीत येतील, आणि नेमकी तेव्हाच मुलीची फी भरायची असेल. त्या कंपनीतले निम्मे तरी शेअर विकून ते पैसे मुदत ठेवीत ठेवा.

उत्तर (ताराबाई पार्क):
मी कर सल्लागार आहे. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, मात्र आर्थिक वर्षातील पहिला १.२५ लाखांचा नफा करमुक्त असतो. ३ लाखांचे शेअर विकल्यास आपला नफा अडीच लाख होईल. ते एकदम विकले तर उपकरासह १६,२५० रुपये कर बसेल. निम्मे ३१ मार्चपूर्वी आणि निम्मे १ एप्रिलनंतर विकले, आणि त्या दोन्ही वर्षांत असा दुसरा नफा नसला, तर काहीच बसणार नाही. डिमॅट खात्यातून आधी घेतलेले शेअर आधी विकले गेले असे धरतात, म्हणून खरेदीच्या तारखा तपासून घ्या.

उत्तर (मंगळवार पेठ):
वरच्या दोघांशी मी सहमत आहे, पण उरलेले शेअर ‘कधीतरी भाव परत येतोच’ या भरवशावर ठेवू नका. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला आणि ऑक्टोबरमध्ये ८,००० च्याही खाली आला. निर्देशांक २०१० मध्ये पुन्हा २१,००० ला पोहोचला. माझ्याकडचे बांधकाम कंपन्यांचे शेअर मात्र कधीच सावरले नाहीत. शिवाय वाहनांच्या सुट्या भागांसारख्या चढउताराच्या धंद्यात कंपनीचा नफा शिगेला असतानाच शेअर नफ्याच्या पटीत (म्हणजे भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे, त्या हिशेबाने) स्वस्त दिसतो, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पगार आणि शेअर एकाच धंद्याला बांधलेले आहेत, हे इतकी वर्षे फाउंड्रीत काढूनही माझ्या लक्षात आले नव्हते. दीड लाखाचे शेअर याच आठवड्यात विकतो, तेवढेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. उरलेल्यांचे काय करायचे ते कंपनीचे मार्च तिमाहीचे निकाल वाचून ठरवीन.