गावातलं तात्पुरतं हेलिपॅड: धोका कुठे असतो, आणि अपघात झालाच तर?

करवीरकर
मंडळी, एप्रिलमध्ये सभेसाठी आमच्या गावात हेलिकॉप्टर येणार आहे. हायस्कूलचं मैदान ठरलंय. दोन बाजूंना ऊस, एका बाजूला शेतीपंपाची लाईन. 25 मे 2017 ला निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं आणि तारांत गेलं. सुदैवाने सगळे वाचले. उडालेलं मशीन असं खाली का बसतं? आणि तसं काही झालंच, तर तपासवाले पोचेपर्यंत गावाने काय करायचं?

उजळाईवाडीकर
निलंग्याचं बाजूला ठेवून आपल्याकडचा हिशोब सांगतो. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 2000 फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश धरतात. दुपारी 38 असेल तर 27 अंश जादा. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दर जादा अंशाला 120 फूट उंची वाढली असं धरायचा ठोकताळा, म्हणजे 3240 फूट. मशीनच्या दृष्टीने ते 5240 फुटांवर उभं आहे. इंजिनाची ताकद कमी, पात्यांना मिळणारी उचल कमी, वजन मात्र तेवढंच.

त्यात जमिनीलगत, साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत, ग्राउंड इफेक्टचा, म्हणजे जमीन जवळ असल्याने मिळणाऱ्या जादा उचलीचा आधार असतो. त्यामुळे चार-पाच फुटांवर झकास तरंगलं म्हणजे पुढे उडेलच असं नाही. पुढे जाताना 16 ते 24 नॉट (ताशी साधारण 30 ते 45 किमी) वेग मिळाला की पात्यांना न ढवळलेली हवा मिळते आणि ताकद कमी लागते. मधला टप्पा अवघड. तिथे कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवून मशीन वर उचलणारा दांडा) ओढला आणि इंजिनात ताकद शिल्लक नसली, तर पात्यांचे फेरे उतरतात आणि मशीन बसतं. मागून वारा असेल तर आणखी लवकर. उभ्या उसावर ग्राउंड इफेक्टही धड मिळत नाही.

शक्यतो सकाळची वेळ घ्या. आणि परतताना ‘अजून एक जण बसू दे की’ हा आग्रह पायलटला कुणीही करायचा नाही. नेत्यानेसुद्धा.

शिरगावचा फिटर
मैदानाचं बघा. टँकर आदल्या संध्याकाळी, सकाळी परत हलका शिडकावा. चिखल करू नका. एक स्किड (मशीन ज्यावर टेकतं ती पायाची आडवी नळी) रुतली आणि दुसरी उचलली, तर मशीन रुतलेल्या स्किडभोवती कलंडतं. ठरावीक कलापलीकडे सायक्लिक (मशीन हव्या त्या बाजूला झुकवणारा दांडा) कितीही उलटा दाबला तरी ते परतत नाही. त्याआधी कलेक्टिव्ह सावकाश खाली घेणं एवढाच उपाय. चुना कोरडा भुरभुरू नका, कालवून मारा, नाहीतर तो उडून डोळ्यांत जातो. फ्लेक्स, पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडवाचं कापड सगळं लांब. शेपटीकडे कुणालाही फिरकू द्यायचं नाही, फिरता टेल रोटर (शेपटीचा छोटा पंखा) दिसत नाही.

लाईनचं म्हणाल तर महावितरणला सांगून ती बंद केली तरी तार तिथेच असते. पायलटला खांब दिसतात, तार दिसत नाही. मी असतो तर मैदानच बदललं असतं.

अहवाल_वाचक
अपघात झालाच तर आधी माणसं बाहेर काढा आणि आग आवरा. त्याच्यापुढे अवशेषाला हात नाही. जेसीबीने ‘बाजूला सारणं’ हे तपासाचं सगळ्यात मोठं नुकसान. माणूस काढताना काही हलवावं लागलं तर जमल्यास आधी फोटो काढा. परिघाला दोरी, पोलीस बंदोबस्त.

तपास एएआयबीचा, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरोचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्राथमिक अहवाल 30 दिवसांत, अंतिम शक्यतो 12 महिन्यांत. हेतू कारण शोधण्याचा, दोषी ठरवण्याचा नाही. पोलिसांचा तपास वेगळा चालतो. ब्लॅक बॉक्स छोट्या हेलिकॉप्टरात असेलच असं नाही. मग जीपीएस आणि इंजिन कंट्रोलची मेमरी, इंधनाचा नमुना, प्रवासी-सामानाची खरी वजनं यांवर भिस्त. जुन्या पद्धतीचा इशारादिवा पेटलेला असताना धक्का बसला तर बल्बची गरम तार ताणून लांबते, थंड असेल तर कट्‌दिशी तुटते. त्यामुळे फुटका बल्बसुद्धा कुणी उचलायचा नाही.

करवीरकर
पोरांच्या मोबाईलमधले व्हिडिओ कामाला येतात का?

अहवाल_वाचक
चांगलेच. चित्राइतकाच आवाज महत्त्वाचा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 390 फेरे घेत असेल तर सेकंदाला 19.5 ठोके. मोबाईलला एवढा खालचा सूर नीट पकडता येत नाही, पण त्याच्या पटीतले सूर येतात. ते उतरत गेले तर फेरेही उतरत होते असं दिसतं. मात्र मूळ फाईल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली दबलेली असते, त्यात चित्रणाची वेळ वगैरे मूळ माहितीही राहत नाही. फोन कुणाचा आणि तो कुठे उभा होता, एवढं लिहून ठेवा.