सनद मिळाल्यावर घरचं दुकान, अर्धवेळ काम आणि वेबसाइट: यातलं काय चालतं?

नवीसनद
महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची वकिलीची सनद नुकतीच मिळाली आहे, एआयबीई (अखिल भारतीय बार परीक्षा) अजून द्यायची आहे. तीन गोष्टींबद्दल नेमकी माहिती हवी आहे. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान भागीदारीत आहे आणि त्यात माझंही नाव घालायचं चाललंय. एका कंपनीकडून करारांचे मसुदे तपासायचं अर्धवेळ, मासिक पगाराचं काम मिळतंय. शिवाय स्वतःची वेबसाइट काढायची आहे. प्रत्येकजण वेगळं सांगतो, म्हणून नियमासकट उत्तर मिळालं तर बरं.

तालुकाकोर्ट
दुकानापासून सुरू करतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत भाग ६, प्रकरण २ मध्ये ४७ ते ५२ हे नियम एकदा मुळातून वाचा, दोन पानांचा मजकूर आहे.

नियम ४७ प्रमाणे वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही, पण निष्क्रिय भागीदार (हिस्सा असतो, कारभार पाहत नाही) राहता येतं. अट एकच, तो धंदा राज्य बार कौन्सिलच्या मते वकिलीच्या प्रतिष्ठेला न शोभणारा नसावा. हार्डवेअरला त्या अंगाने अडचण दिसत नाही. धंदा वारसाहक्काने आला तर नियम ५० लागू होतो: हिस्सा ठेवा, कारभारात पडू नका.

लोक अडकतात ते इथेच. भागीदारीपत्रात 'निष्क्रिय' लिहितात आणि चेकवर सही यांचीच, जीएसटी नोंदणीत अधिकृत स्वाक्षरीकर्ता हेच, पुरवठादाराशी पत्रव्यवहारही यांच्याच नावाने. तक्रार झाली की समोरचा पक्ष हीच कागदपत्रं काढतो. त्यामुळे करारात स्पष्ट लिहून घ्या की दैनंदिन कारभार, बँक व्यवहार आणि कर विवरणपत्रं दुसरे भागीदार पाहतील, आणि मग खरंच तसं वागा. एकल मालकीचं दुकान मात्र स्वतःच्या नावावर घेऊ नका, तिथे निष्क्रिय राहायला जागाच नसते.

कंपनीचं संचालकपद चालतं (नियम ४८), पण रोजची कार्यकारी कामं त्यात नकोत. व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी होता येत नाही.

मसुदाकार
नोकरीचं उत्तर थोडं लांब आहे.

पूर्णवेळ पगारी नोकरी वकिली चालू असताना बंद (नियम ४९). पद 'लॉ ऑफिसर'चं असलं म्हणून आपोआप सूट मिळत नाही. सतीश कुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पूर्णवेळ पगारी लॉ ऑफिसरच्या विरोधातच निकाल दिला. दुसरा पूर्णवेळ व्यवसायही जमत नाही. डॉ. हनिराज चुलानी यांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद हवी होती, आपल्याच बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला.

अर्धवेळ नोकरी नियम ५२ खाली येते आणि तिला राज्य बार कौन्सिलची संमती लागते. संमती आधी, नोकरी नंतर. अर्जासोबत नेमणूकपत्राचा मसुदा जोडा, त्यात कामाचे तास आणि स्वरूप लिहिलेलं असू द्या. त्याहून सरळ मार्ग म्हणजे पगार न घेता तेच काम स्वतंत्र वकील म्हणून करणं: प्रत्येक कामाचं फी-बिल, हजेरी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, रजेचे नियम नाहीत. 'सल्लागार' असं नाव देऊन रोज नऊ ते सहा बसवत असतील तर नावाने काही वाचत नाही.

कायद्याच्या परीक्षांची शिकवणी, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन, प्रश्नपत्रिका काढणं-तपासणं हे नियम ५१ मध्ये मोकळं आहे. लॉ कॉलेजात शिकवायचं असेल तर दिवसाला तीन तासांची मर्यादा.

नवीसनद
धन्यवाद सर. समजा पुढे पूर्णवेळ नोकरीच घेतली तर सनद रद्द होते का?

मसुदाकार
रद्द नाही, स्थगित. रुजू होताच राज्य बार कौन्सिलला रजिस्टर्ड पोस्टाने कळवायचं आणि मूळ सनद सोबत पाठवायची. छायाप्रत आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. परत यायचं असेल तेव्हा सचिवांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, की मधल्या काळात अधिवक्ता कायद्याच्या कलम २४-अ खालची अपात्रता आली आहे की नाही. नोकरी सोडल्याचं पत्रही जोडा. न कळवता नोकरी करत अधूनमधून वकालतनामे दाखल करणं हा सर्वांत वाईट पर्याय. त्याच कायद्याच्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा नाव काढून टाकणं यातलं काहीही होऊ शकतं.

बाररूम
एआयबीईचं विसरू नका. नोंदणीपासून दोन वर्षांत पास व्हावं लागतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या परीक्षेवर शिक्कामोर्तब केलंय, त्यामुळे 'कोर्टात आव्हान आहे' म्हणून थांबण्यात अर्थ नाही. पेपरला टिपा नसलेले बेअर ॲक्ट (कायद्याच्या फक्त मूळ मजकुराची पुस्तकं) नेता येतात. टिपा छापलेली प्रत नेली तर ती बाहेर ठेवावी लागते, म्हणून आधीच पाहून घ्या.

वेबसाइटचं नियम ३६ मध्ये आहे. जाहिरात बंद, पण २००८ च्या दुरुस्तीपासून नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक व तारीख, बार कौन्सिलचं नाव, शैक्षणिक पात्रता आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकता येतं. अशिलांचे अभिप्राय, जिंकलेल्या खटल्यांची यादी, 'पहिला सल्ला मोफत', 'शहरातील नामांकित' हे सगळं काढा. वेबसाइट बनवणारी मंडळी तयार साच्यातून असले रकाने न विचारता घालतात, आणि जबाबदारी वकिलाची राहते.

तालुकाकोर्ट
त्यात भर. फी खटल्याच्या निकालावर किंवा त्यातून मिळणाऱ्या रकमेच्या वाट्यावर ठरवू नका, नियम २० आड येतो. आणि कोर्ट फी म्हणून घेतलेले पैसे व स्वतःची फी यांची नोंद पहिल्या अशिलापासून वेगळी ठेवा. वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा हे नियम २५ मध्येच सांगितलंय.