सेकंड हँड एक्सपल्स बघतोय, विकणारा २०२१ची म्हणतो, खरं वय कसं ओळखायचं?

साडेआठची_कसारा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा आहे की ऑफिसला लोकलने जायचं आणि रविवारी मुरबाड-माळशेजकडे मातीत घालायला एक गाडी ठेवायची. नवी परवडत नाही (आणि घरी विचारायची हिंमत पण नाही) म्हणून जुनी एक्सपल्स २०० (हिरोची, रस्ता-माती दोन्हीकडे चालणारी बाइक) शोधतोय. भांडुपला एकाकडे आहे, ८५ हजार म्हणतोय, मीटरवर ११,४०० किमी, २०२१ची, फर्स्ट ओनर, "फक्त घर-ऑफिस चालवलीय भाऊ". आरसी मागितली तर म्हणे गावी राहिलीय, आली की व्हॉट्सअॅप करतो. माझा चुलतभाऊ फोटो बघून म्हणाला याला कार्बोरेटर आहे, काहीतरी झोल आहे. मला त्यातलं शष्प कळत नाही. शनिवारी बघायला जाणारे, काय काय बघू?

कर्जतचा_चिखल
चुलतभावाला एक वडापाव दे माझ्याकडून. एक्सपल्स २०१९ला आली तेव्हा कार्ब (इंजिनला पेट्रोल देणारा जुना यांत्रिक भाग) आणि एफआय (तेच काम इलेक्ट्रॉनिक, फ्युएल इंजेक्शन) दोन्ही मिळायची. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस६ (धुराचे कडक नियम, आधी बीएस४ होते) लागू झालं, त्यानंतरची एक्सपल्स फक्त एफआय आणि इंजिनच्या पुढे ऑइल कूलर, तेल गार करणारी जाळी. ऑक्टोबर २०२१ला ४व्ही (चार व्हॉल्व्हवाली) आली ती वेगळीच. म्हणजे खरंच कार्ब असेल तर गाडी २०१९ नाहीतर फार तर २०२०च्या सुरुवातीची, २०२१ची कशी होईल?? फोटोत इंजिनच्या पुढे छोटा कूलर दिसतोय का बघ आधी.

फॉर्म_एकोणतीस_तीस
आरसी गावी असली तरी नंबर प्लेट गाडीवरच आहे ना, ती गावी नाही गेली. नंबर घे आणि एमपरिवहन अॅपवर टाक. रजिस्ट्रेशनची तारीख, बीएस४ की बीएस६, लोन चढलेलं आहे का, इन्शुरन्स कधी संपला, बरंच काही तिथेच दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं येतं पण समोरच्याचं आधार बघितलं की जुळतं की नाही ते कळतं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, रजिस्ट्रेशनची तारीख म्हणजे गाडीचं वय नव्हे, शोरूमला सहा-आठ महिने पडून राहिलेली गाडी पण असू शकते. ई-चलान वेगळं चेक कर, नायतर दुसऱ्याने तोडलेले सिग्नल तू भरशील. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं लोन उतरवायचा) हातात आल्याशिवाय टोकन पण देऊ नको. आणि चासी नंबर हँडलखाली मानेवर ठोकलेला असतो तो स्वतः वाचून आरसीशी जुळव, इंजिन नंबर पण. घासल्यासारखा वाटला तर सरळ स्टेशनकडे वळायचं, कुठलं स्टेशन ते तू ठरव.

पाना_आणि_पक्कड
कागदाचं वरच्यांनी सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. मीटर विसरून जा. मीटर बदलतात, मागे करतात, वायर काढून चालवतात. वय बघायचं तर जे भाग खोटे करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही तिथे बघायचं. साइड पॅनल काढायला सांग आणि आतली बाजू बघ, प्लास्टिकमध्ये घड्याळासारखा छोटा गोल ठसा असतो, कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्यावर तो महिना. मडगार्ड, टाकीच्या बाजूचं प्लास्टिक, जिथे जिथे सापडेल तिथे बघ. सगळे १९ आणि एकच २२ असेल तर त्या बाजूला गाडी आपटलीय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आता ११ हजार चाललेल्या गाडीचे दोन्ही टायर गाडीपेक्षा दोन-तीन वर्षं नवे निघाले तर पहिले कुठे गेले ते विचारायचं.

"घर-ऑफिस" वाल्याचं एक सोपं आहे. फूटरेस्टच्या वर चासीला दोन्ही बाजूंनी बूट घासून रंग उडालाय का बघ. मातीत लोक उभं राहून चालवतात, घोटे तिथे लागतात. ऑफिसला उभं राहून आपण फक्त लोकलने जातो. मग खाली वाकून बॅशप्लेट (इंजिनखालचं संरक्षक कवच) बघ, दगड खाल्लेले कळतात. फूटरेस्टच्या वेल्डिंगपाशी बारीक चीर किंवा तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला तर तो रंग कशाला मारला ते समजून घे.

जायच्या आधी फोनवर सांगून ठेव की गाडी चालू करू नको, मी आल्यावर करू. गेल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघ, आधीच गरम असेल तर थंड स्टार्टचा त्रास लपवतोय. चालू करताना निळा धूर आला आणि मग गेला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंग-बोअरचा खर्च. एअर फिल्टर काढून त्याच्या पलीकडे, इंजिनकडच्या पायपात बोट फिरव. बोटाला माती लागली म्हणजे इंजिनने माती खाल्लीय, बाहेरून कितीही पॉलिश असू दे.

शॉकअप दाबून नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा येतो का बघ. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरव, मध्यावर आल्यावर कट् करून अडकलं तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलव, खुळखुळलं तर स्विंगआर्मचे बुश. स्पोकवर पान्याने हळूच टिचकी मार, सगळे टिंग वाजले पाहिजेत, बद्द वाजला तो ढिला. चेनसेटचे दात विळ्यासारखे वाकले असतील तर तो खर्च किमतीतून कमी कर.

आणि मुंबईची गाडी आहे म्हणून शेवटचं. मी २०१४ला एक जुनी इम्पल्स (हिरोचीच, एक्सपल्सच्या आधीची) घेतली होती, चकाचक, पहिल्या पावसात वायरिंगने मान टाकली. सीटखाली कोपऱ्यात बारीक गाळ होता तो मी "धूळ असेल" म्हणून पुसला होता. पाण्यात बुडलेली गाडी होती. त्यामुळे सीट काढ, कनेक्टर उघड, आत हिरवट बुरशीसारखं दिसलं तर निघ. ऑइलचं झाकण उघडून बघ, ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी आहे.

फार्महाऊसवाला_मित्र
मला एकाने बिननंबरची कावासाकी केएलएक्स १४० ऑफर केली होती, खरी डर्ट बाइक, एक्सपल्सपेक्षा हलकी. ती बघ की?

फॉर्म_एकोणतीस_तीस
त्याला मुरबाडपर्यंत टेम्पोने न्यायला सांगतोस का दर रविवारी? ती रस्त्यासाठी नाहीच, फक्त ट्रॅक नाहीतर खाजगी जागा, रजिस्ट्रेशन होत नाही. ज्यांच्याकडे कर्जतला जागा आहे त्यांनी घ्यावी. आणि तशी गाडी घेणाऱ्याने चासी नंबर नीट बघा, १७ अक्षरी नंबरात आय, ओ, क्यू कधीच नसतात. अमेरिकेसाठी बनलेली असेल तर दहावं अक्षर वर्षाचं, एच २०१७, जे २०१८, के २०१९ असं. आपल्या इथल्या कंपन्यांचे कोड वेगवेगळे, तिथे हे आंधळेपणाने लावू नका.

साडेआठची_कसारा
जाऊन आलो. पानाकाका, तुमचा मेसेज प्रिंट काढून नेला होता, तो माणूस माझ्याकडे इन्कमटॅक्सवाल्यासारखा बघत होता.

फोनवर सांगूनही इंजिन गरम. कूलर नाही, कार्बोरेटरच. पॅनलच्या आत १९ आणि बाण ८ वर. अॅपवर रजिस्ट्रेशन नोव्हेंबर २०१९, लोन नाही, चलान दोन. हे सगळं दाखवल्यावर म्हणाला "अरे मी २०२१ला घेतली म्हणून २०२१ म्हटलं", म्हणजे फर्स्ट ओनर पण गेलं. बूट घासलेले दोन्ही बाजूंनी, बॅशप्लेटची चाळण. पण गंमत म्हणजे फिल्टरपलीकडचा पाइप स्वच्छ, धूर नाही, ऑइल ठीक, सीटखाली गाळ नाही. कोनसेट मात्र कट् वाजतोय आणि चेनसेटचे विळे झालेत.

मी ५८ म्हटलं, तो ७० वर अडून बसला, निघालो. आत्ता रात्री त्याचा फोन, ६४ ला देतो म्हणे, आरसी सापडली, कपाटातच होती.

पाना_आणि_पक्कड
मातीत चालवलेली पण फिल्टर सांभाळलेली गाडी वाईट नसते, उलट तुला तीच पाहिजे. कोनसेट आणि चेनसेटचं आपल्या गॅरेजमधून कोटेशन घे, ते त्याच्यासमोर ठेव आणि ६० वर थांब. या वेळी न सांगता सकाळी सातला जा, इंजिन गार सापडेल.