आत्याआजींची पत्र्याची पेटी : युद्धकाळातील परिचारिकेचे कागद कसे वाचावेत?

सांजवारा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांच्या आत्या, ज्यांना आम्ही सगळी भावंडे आत्याआजी म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या परिचर्या सेवेत होत्या. त्यांनी लग्न केले नाही आणि युद्धाविषयी त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांची पत्र्याची पेटी अनेक वर्षे माळ्यावर पडून होती, ती आम्ही गेल्या महिन्यात उघडली. तीत सुतळीने बांधलेली साठेक पत्रे, १९४४ सालची खिशात मावेल अशी डायरी, काळ्या मेणकापडी पुठ्ठ्याची एक वही, काही छायाचित्रे, एक सहा टोकांचे पितळी पदक आणि तळाशी चिठ्ठ्याचपाट्यांचा ढीग आहे. त्या ढिगात पगाराच्या पावत्या, मेसची बिले, लस टोचल्याचे कार्ड आणि रेल्वे वॉरंटचे (सरकारी खर्चाने प्रवासाच्या परवान्याचे) तुकडे असे सगळे एकत्र झाले आहे.

माझी निराशा झाली ती पत्रांनी. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘मी खुशाल आहे, जेवण बरे आहे, काळजी नसावी’ एवढेच आहे, ठिकाणाचे नाव कुठेही नाही. एका वॉरंटवर ‘मणिपूर रोड’ असे असल्यामुळे त्या इंफाळला होत्या असे घरात धरून चालतात. सप्टेंबर १९४४ च्या एका चिठ्ठीवर त्यांच्या नावापुढे ‘एम. टी.’ अशी अक्षरे आहेत, त्यावरून त्या मोटार ट्रान्सपोर्टमध्ये गाडी चालवायला शिकल्या असाव्यात, असा माझ्या चुलतभावाचा कयास आहे. पत्रे व छायाचित्रे अल्बममध्ये चिकटवावीत आणि तळाचा कचरा टाकून द्यावा, असे त्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कागदवेडा

आपल्या बंधूंना प्रथम थांबवा. अल्बम नको, डिंक नको, सेलोटेप तर मुळीच नको, आणि लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नये. मी अनेक वर्षे अभिलेखागारात काम केले. कागदांचे सर्वाधिक नुकसान वाळवीपेक्षा कौतुकाने झालेले मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम हीसुद्धा एक माहिती असते. एखादे बिल एखाद्या पत्राच्या घडीत ठेवलेले असेल, तर ते तिथे का ठेवले हा प्रश्न आपण ती घडी मोडली की कायमचा बुजून जातो. म्हणून सोडवण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचे छायाचित्र घ्या, मऊ पेन्सिलने कोपऱ्यात क्रमांक घाला आणि मगच पुढे जा. गंजलेल्या टाचण्या सावकाश काढाव्यात. मजकूर जांभळट दिसत असेल तर ती बहुधा कॉपिंग पेन्सिल (रंग मिसळलेल्या शिशाची पेन्सिल) आहे. ओला बोळा लागला की ती शाईसारखी पसरते, तेव्हा ‘जरा पुसून घेऊ’ म्हणून कोणी फडके घेऊन बसू नये. पेटीत डांबरगोळ्या असल्यास त्याही बाहेर काढा.

पत्रे कोरडी वाटतात याचे कारण सेन्सॉर. ठिकाण, तुकडी, हालचाल, जखमींची संख्या यांपैकी काहीही लिहिण्याची मुभा नव्हती, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असल्यामुळे तो हात आधीच आखडता घेई. पण पाकिटे टाकून दिली नसतील तर त्यांवरचा शिक्का पाहा. लष्करी टपालावर गावाच्या नावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असे. टपाल-इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी कोणता क्रमांक कोणत्या काळात कुठे होता याच्या याद्या तयार केल्या आहेत. पत्राच्या आत जे दडवले गेले ते पुष्कळदा पाकिटाच्या पाठीवर सापडते.

घाटमाथा

‘मणिपूर रोड’विषयी थोडी दुरुस्ती करतो, कारण ही चूक अनेक घराण्यांच्या आठवणींत मुरलेली आहे. मणिपूर रोड हे दिमापूरच्या रेल्वे स्थानकाचे त्या काळचे नाव. रूळ तिथपर्यंत होते. पुढे कोहिमा आणि त्याहीपुढे इंफाळ हा प्रवास डोंगरातल्या रस्त्याने करावा लागे. मुंबई-कलकत्त्याकडून जाणाऱ्या माणसाला पार्वतीपूरला रुंद मापाची गाडी सोडून मीटर गेज धरावी लागे, आमीनगावला ब्रह्मपुत्रा बोटीने ओलांडून पांडूला पुन्हा गाडीत बसावे लागे, आणि मग मणिपूर रोड येई. म्हणजे ते वॉरंट एवढेच सांगते की त्यांना त्या स्थानकापर्यंतचा प्रवास मंजूर झाला होता. त्यांनी काम तिथेच केले, पुढे गेल्या, की परत फिरल्या, हे त्यावरून ठरत नाही.

पदकावर मुकुट व राजाच्या नावाची आद्याक्षरे यांच्याभोवती ‘बर्मा स्टार’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत का, ते पाहा. असल्यास त्या प्रत्यक्ष ब्रह्मदेशात होत्याच असे मात्र मानू नका. बंगाल व आसामच्या ठरावीक भागांतील सेवेसाठीही ते पदक मिळत असे.

वॉरंटची तारीख कृपया कळवावी. ती १९४४ च्या मार्च-एप्रिलमधली असेल तर फार महत्त्वाची आहे. ४ एप्रिलला कोहिम्याभोवती जपानी सैन्याशी लढाई पेटली, १८ एप्रिलला मदतीची फौज पोहोचून जखमींना दिमापूरकडे काढता आले, आणि इंफाळचा रस्ता २२ जूनला मोकळा झाला. त्या काळातली पत्रे पुन्हा एकदा वाचा, अगदी कंटाळवाणी असली तरी.

टोपीवाली ताई

मी स्वतः लष्करी रुग्णालयात परिचारिका होते, पुष्कळ नंतरच्या काळात. आपल्या आत्याआजींना मनोमन नमस्कार करून लिहिते.

बाळ, ‘एम. टी.’ म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट नव्हे. रुग्णालयाच्या चिठ्ठीवर ती अक्षरे असतील तर त्यांचा अर्थ ‘मॅलिग्नंट टर्शियन’, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, जो मेंदूवर जाऊ शकतो. सौम्य प्रकाराला ‘बी. टी.’ लिहीत. चिठ्ठीवर आत्याआजींचे नाव असेल तर त्या गाडी चालवायला शिकल्या नव्हत्या, त्या स्वतः खाटेवर होत्या. त्या आघाडीवर हे नवलाचे नव्हते. १९४३ मध्ये तिथे एका जखमी सैनिकामागे १२० जण आजारी म्हणून मागे पाठवावे लागत होते, असे त्या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे रोज मेपाक्रिनची (हिवताप रोखणारी) गोळी सक्तीची झाली. तिने कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जाते अशी अफवा होती, म्हणून सैनिक ती थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या आणि ज्यांच्या तुकड्यांत गोळी घेतली जात नव्हती अशा तीन अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले, तेव्हा कुठे शिस्त बसली.

त्या काळ्या वहीत बहुधा वॉर्डाच्या नोंदी असतील. ‘डी. आय. एल.’ म्हणजे चिंताजनक रुग्णांची यादी, ‘एस. आय. एल.’ म्हणजे गंभीर रुग्णांची. ‘एम. अँड बी. ६९३’ ही जंतुसंसर्गावरची सल्फा गोळी. ‘स्क्रब टायफस’ अशी नोंद असेल तर तिथे थांबून वाचा, कारण त्या तापावर तेव्हा औषधच नव्हते. गुण आणणारे क्लोरॅम्फेनिकॉल युद्धानंतर आले. तोपर्यंत अंग पुसणे, तोंड स्वच्छ ठेवणे, चमच्याने पाणी पाजणे, कूस बदलणे आणि दर चार तासांनी तापाचा आकडा लिहिणे हाच इलाज होता, आणि तो पूर्णपणे परिचारिकेच्या हातात होता. वहीतले आकड्यांचे रकाने रटाळ दिसतील. पण एकाच खाटेचे आकडे दहा-बारा दिवस चालत आलेले दिसले तर तेवढ्या रात्री कोणीतरी जागले आहे असे समजावे.

एक विनंती. वहीत रुग्णांची नावे व रोग असतील, त्यांत गुप्तरोगही असू शकतात. ती पाने इथे किंवा अन्यत्र उघड टाकू नका.

कागदवेडा

ताईंच्या सूचनेला जोडून एवढेच की, आत्याआजींना इतरांकडून आलेली पत्रे तुमच्या घरात असली तरी त्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, म्हणून पुस्तिका छापण्याआधी विचारून घ्यावे. शिवाय कागदांवरचे हुद्दे तपासताना १९४३ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी वटहुकूम निघून परिचर्या सेवेची नव्याने बांधणी झाली आणि परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. आधीच्या व नंतरच्या पावत्यांत फरक दिसला तर ती लिहिणाऱ्याची चूक समजू नये.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस भाऊ आणि मी जमिनीवर चादर अंथरून बसलो होतो.

वॉरंट २६ मार्च १९४४ चे आहे. पाकिटे सुदैवाने राहिली आहेत. त्यांवर दोन वेगवेगळे क्रमांक आहेत आणि दुसरा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो. ते मी श्री. घाटमाथा यांना व्यक्तिगत निरोपाने पाठवले आहेत. एप्रिलअखेरचे एक पत्र मी आधी वरवर वाचले होते. आमचे घर तेव्हा गिरगावात होते आणि १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ बोटीचा स्फोट झाला होता. त्या लिहितात, “मुंबईत काय झाले ते नीट लिहा, इथे कोणी धड सांगत नाही. दादांचे कानाचे दुखणे वाढले का? खिडक्यांच्या काचा गेल्या असतील तर पुठ्ठे लावा, पावसाळा दूर नाही.” स्वतःविषयी पुन्हा तेच, मी खुशाल आहे.

‘एम. टी.’ची चिठ्ठी ११ सप्टेंबरची आहे आणि ताईंनी म्हटल्याप्रमाणे ती रुग्णालयाचीच आहे. त्याच आठवड्यात घरी आलेले पत्र आम्ही शोधून काढले. साऱ्या पत्रांत तेवढेच एक पेन्सिलने लिहिलेले आहे, ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत आणि आरंभीच खुलासा आहे : “शाई संपली म्हणून पेन्सिलने लिहिते. मी खुशाल आहे, जेवण बरे आहे.” वहीत त्या दिवसांच्या नोंदी दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात आहेत, आणि शाईने.

टाकून द्यायच्या ढिगात भावाला सप्टेंबरचे मेसचे बिल सापडले. त्यात तीस दिवसांपैकी एकोणीस दिवसांचेच जेवण लावलेले आहे. ते त्याने आपणहून पेन्सिलच्या पत्राशेजारी ठेवले आणि दोन्हींवर लागोपाठचे क्रमांक घातले.